खांडाची चाल

(चराऊ पशुपालनावरील अभ्यासलेखांच्या संग्रहाची प्रस्तावना)

पंचवीसएक वर्षांपूर्वी एका सरकारी पाहणीच्या निमित्ताने मी गावोगावची गायराने बघत हिंडत होतो. हातात छापील तक्ता होता. गट क्रमांक, क्षेत्र, उतार, झाडे, गवत, शेरा. मे महिन्याचा दुसरा आठवडा. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या एका माळावर अकराच्या सुमारास पोचलो, तर समोर मुरूम, चार हिवर, एक वाळका तरवड आणि नजर जाईल तिथवर थरथरणारी हवा. गवताच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले, शेऱ्यात ‘ओसाड’ लिहिले आणि पुढच्या गावची वाट धरली. सप्टेंबरच्या अखेरीस भलत्याच कामासाठी त्या रस्त्याने जाताना एसटीच्या खिडकीतून तोच माळ दिसला. पुढच्या फाट्यावर उतरून मागे चालत आलो. गुडघाभर पवन्या, मधूनमधून मारवेलचे ठोंब, उताराच्या अंगाला कुसळी आणि त्यात पोटापर्यंत बुडालेली दोन-अडीचशे मेंढरे. माझा तक्ता खोटा होता असे कोणी म्हणू शकले नसते. मे महिन्यात तिथे गवत खरेच नव्हते. तक्त्यात महिन्याचा रकाना नव्हता, एवढेच.

चराऊ पशुपालनाच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना मला तो तक्ता वारंवार आठवतो. जनावर चरते, गवत वाढते, माणूस दोघांच्या मागून चालतो, आणि अभ्यासक मात्र एका जागी, एका दिवशी उभा राहून मोजतो. या संग्रहातल्या लेखकांत पशुवैद्य आहेत, गवतांचे अभ्यासक आहेत, धनगरवाड्यांबरोबर मुक्काम केलेले समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही, आणि ते लेख वाचताना जाणवेलही. पण एका गोष्टीपाशी ते सगळे वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोचतात. माळावर जनावरांच्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, त्यांची चाल मोजावी लागते. कळप कुठे किती दिवस थांबला, कुठून निघाला, परत त्याच जागी केव्हा आला, हे कळल्याशिवाय हजार मेंढ्या म्हणजे जास्त की कमी, हा प्रश्नच विचारता येत नाही.

आधी शब्दांचे बोलू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. या जमिनींसाठी मराठीला शब्दांची कधी वाण नव्हती. माळ वेगळा, बरड वेगळे. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी सोडलेली जमीन. कुरण म्हणजे राखलेले गवत, तिथे गुरे सोडायची की विळ्याने कापून न्यायचे याचे ठरीव रिवाज. पड म्हणजे या साली न पेरलेले रान, जे पुढच्या साली पेरले जाईल आणि तोवर कोणाच्याही शेळीला मोकळे राहील. यातला प्रत्येक शब्द जमिनीच्या पोताबरोबरच हक्काचे आणि हंगामाचेही काही सांगतो. महसुली दप्तराने यातले बहुतेक शब्द गिळले आणि ‘पडीक’ हा एकच बाहेर काढला. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ तर त्याहून मासलेवाईक. नांगर चालत नाही तो भाग खराब. मेंढीला विचारले असते तर तिने उरलेल्या शेतालाच खराबा म्हटले असते.

हा घोळ नुसता भाषेचा नाही. देशातल्या उघड्या गवताळ आणि झुडपी प्रदेशांचे उपग्रहचित्रांवरून नकाशे करणाऱ्या एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी असे प्रदेश भारताच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के भरतात, असे दाखवले. त्यांतला ७० टक्क्यांच्या आसपास भाग सरकारी नकाशांवर ‘पडीक’ ठरलेला आहे आणि संरक्षित क्षेत्रांत आलेला भाग ५ टक्क्यांनाही पोचत नाही. पडीक जमीन दिसली की ती सुधारायची इच्छा होते. मग तिथे झाडे लावली जातात, कारखान्यासाठी भूखंड पडतात, सौरपट्ट्या येतात. आपण चरायच्या जागेवर काही उभे केले, असे कोणाला वाटतही नाही, कारण कागदावर ती चरायची जागा नव्हतीच.

याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे, की माळ म्हणजे मोडलेले जंगल. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी ती रुजवली. चॅम्पियन यांनी १९३६ साली भारतीय वनांचे जे वर्गीकरण केले, त्यात दख्खनचे गवताळ उतार जंगलाची उतरती अवस्था म्हणून आले. कुऱ्हाड आणि शेळी या दोघांनी मिळून हे केले, असा निवाडा. पुढे दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवतांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध केला, तो आजही हाताशी ठेवावा असा ग्रंथ आहे. देशाच्या गवताचे त्यांनी पाच प्रकार पाडले, त्यांत दख्खनचा पट्टा शेडा-पवन्याच्या ‘सेहिमा’ आणि मारवेलच्या ‘डायकॅन्थियम’ या प्रजातींच्या नावाने ओळखला जातो. पण चराई थांबवली तर हे गवत यथावकाश जंगलाकडे जाईल, हे गृहीत त्यांनीही सोडले नव्हते.

या समजुतीला अलीकडे जो धक्का बसला तो मराठी वाचकाला सुखावणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात पुरावा म्हणून परागकण किंवा माती घेतली नाही, जुने मराठी वाङ्मय घेतले. महानुभावांचे लीळाचरित्र, संतचरित्रे, पोथ्या, धनगरांच्या ओव्या आणि कथा यांत कोणती झाडे, कोणत्या ठिकाणी आली आहेत, ते त्यांनी टिपले. ४४ रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या, काटेरी, गवताळ मुलखात वाढणाऱ्या निघाल्या. बाभूळ, खैर, हिवर, पळस, तरवड. म्हणजे चक्रधरस्वामींच्या काळातही, आजपासून साडेसातशे वर्षांपूर्वी, पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेत माळच होता. नीरेचे खोरे पूर्वीही काट्याकुट्यांचे होते. घनदाट अरण्य होते आणि मेंढ्यांनी खाल्ले, ही गोष्ट निदान या मुलखापुरती टिकत नाही. वाङ्मयाचा असा उपयोग करताना अडचणी येतातच. पोथीतले झाड अलंकारापुरते आले की लेखकाने खरेच पाहिले, हे ओळखावे लागते, आणि चंपक-मालती पाहिल्या की सावध व्हावे लागते. पण बाभळीला अलंकार म्हणून कोण वापरील?

आता आकड्यांकडे वळू. चराईच्या शास्त्रातली सर्वांत जुनी कल्पना म्हणजे जमिनीची धारणक्षमता. एका हेक्टरात गवत किती, एक जनावर खाते किती, भागाकार करा, तेवढी जनावरे ठेवा. कुंपण घातलेल्या, बारमाही पावसाच्या मुलखात हे गणित बरे चालते. ते जगभर पसरले, आणि त्याच्याबरोबर एक गोष्टही पसरली. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ती सांगितली. सर्वांना मोकळे असलेले कुरण, प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा. शेवटी कुरण संपते. पुढची काही दशके धोरणकर्त्यांनी ही गोष्ट निष्कर्षासारखी वापरली. हार्डिन यांनी एकही खरे कुरण मोजलेले नव्हते. तो एक विचारप्रयोग होता, आणि त्याचा सांगाडा विल्यम फॉर्स्टर लॉइड यांच्या १८३३ मधल्या व्याख्यानांतला होता.

खरी कुरणे ज्यांनी पाहिली त्यांना दुसरेच दिसले. रॉबर्ट नेटिंग यांनी स्वित्झर्लंडमधल्या ट्यॉर्बेल या डोंगरी गावाचा अभ्यास केला. तिथे १५१७ पासून एक नियम लेखी आहे. हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणावर न्यायच्या. हार्डिनच्या गुराख्याला असा शेजारच नव्हता. तो कोणाशी बोलतही नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशी अनेक उदाहरणे गोळा करून १९९० मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत गाई पाळणारे आंद्रे व्हॉइसिन यांनी १९५७ मध्येच आणखी साधी गोष्ट मांडली होती. गवत मरते ते किती जनावरांनी खाल्ले यामुळे नाही, खाल्ल्यानंतर सावरायच्या आत पुन्हा ओरबाडले गेले यामुळे. एका शेतात चार गाई महिनाभर बांधल्या तर नासधूस. त्याच जागी चाळीस गाई तीन दिवस चारून पुढे नेल्या तर महिन्याभरात गवत पुन्हा उभे.

आणि मग तुर्काना. केनियाच्या वायव्येकडल्या या रखरखीत मुलखात एलिस आणि स्विफ्ट यांनी पाहिले, की तिथे गवत आणि जनावरे यांचा समतोल असा कधी होतच नाही. पाऊस इतका बेभरवशाचा की कळप वाढून गवत संपवण्याआधीच दुष्काळ येऊन कळप खाली आणतो. १९८८ मधल्या त्यांच्या निबंधानंतर धारणक्षमतेचा भागाकार निदान कोरड्या प्रदेशांपुरता संशयास्पद ठरला. आपल्याकडे मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून माणदेशावर ठेवण्याची घाई काहींनी केली आहे, या संग्रहातही एका-दोघांनी. मला ते पटत नाही. माण-खटावात पाऊस कमी आणि लहरी असला तरी तो तुर्कानाइतका बेभरवशाचा नाही. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे म्हणजे, दख्खनची मेंढी वर्षातला मोठा काळ माळावर नसतेच. ती शेतात असते. ज्वारीचे धसकट, भाताचे खुंट, उसाचे वाढे, बाभळीच्या शेंगा हे तिचे खाणे. तिचे कुरण निम्मे दुसऱ्याने पेरलेले आहे. अशा व्यवस्थेसाठी तयार सिद्धान्त परदेशात मिळणार नाही. तो इथेच, चालत्या वाड्याच्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या बिऱ्हाडाच्या, मागे जाऊन घडवावा लागेल.

म्हणून वाड्याचे वर्ष नीट सांगतो. पावसाळ्याचे महिने वाडा गावाच्या आसपास. पर्जन्यछायेतला माळ तेव्हा हिरवा असतो, आणि ओल्या मुलखात गेले तर मेंढरांचे खूर कुजतात. दसरा-दिवाळी झाली की माळावरचे गवत पिवळे पडते, कुसळी पिकते. कुसळीचे बी म्हणजे अणकुचीदार भाला. ते लोकरीत शिरते, पीळ घेत कातडीपर्यंत जाते. मेंढ्या तिथून काढाव्याच लागतात. मग बिऱ्हाड तट्टांवर चढते. वर भांडी, पीठ, कोंबड्या, वाघर (मेंढ्यांभोवती लावायची जाळी) गुंडाळून ठेवलेली, आणि चालता न येणारी कोकरे. काही वाडे घाट उतरून कोकणात रायगड-ठाण्याकडे जातात, काही कृष्णा-भीमेच्या काळ्या रानांत, काही सीमेपलीकडे कर्नाटकात. एका वाड्यात चार-सहा घरे, प्रत्येकाचे आपापले खांड, म्हणजे मेंढरांचा कळप. पुढे गेलेला जाणता माणूस कुठले शिवार मोकळे झाले, विहिरीला पाणी आहे का, शेतकरी कसा आहे, हे पाहून येतो, आणि रात्रीच्या मुक्कामाचा व्यवहार ठरतो. मेंढ्या शेतात बसवायच्या. रात्रभर वाघरीच्या आत खांड बसते, लेंडी आणि मूत जमिनीत मुरते, शेतकऱ्याला खत मिळते. पूर्वी याचे धान्य मिळे, आता बहुधा पैसे, आणि जिथे सेंद्रिय खताची ओढ वाढली आहे तिथे चांगले पैसे. एक-दोन रात्री झाल्या की वाघर पुढच्या शेतात. मे सरता सरता पुन्हा घाट चढून गाव.

व्हॉइसिन यांनी सांगितलेली विश्रांती या वर्षात आपोआप येते. ज्या माळावर आषाढ-श्रावणात चरले, त्याला दिवाळीपासून जूनपर्यंत सुट्टी. ज्या शेतात एक रात्र बसले, तिथे पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा नाही. हे कोणी शास्त्र वाचून केलेले नाही, आणि म्हणून ते सदासर्वकाळ बरोबर असते असेही नाही. गावाजवळची, पाणवठ्याशेजारची जमीन अतिचराईने पार उघडी पडलेली मी पाहिली आहे. पण बहुतेक ठिकाणी ती पडली आहे वाटा तुटल्यानंतर, म्हणजे बाहेर जायला जागा न उरल्यामुळे खांड वर्षभर तिथेच घुटमळू लागल्यानंतर. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल या विषयात फार सहज होते.

वाड्याच्या या चालीचा पहिला मोठा अभ्यास पशुशास्त्राने केला नाही, तो देवांच्या अभ्यासकाने केला. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर १९६० च्या दशकापासून धनगरांबरोबर राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला. त्याचे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केले. सोन्थायमर यांच्या लक्षात आले की हे देव चालतात. सोनारीचा देव भक्तामागून नीरेकाठी वीरला येतो. खंडोबा बाणाईसाठी तिच्या वाड्यावर मेंढरे राखायला चाकरीला राहतो. ठाणी जोडत गेले की चराईच्या वाटांचा नकाशा हाती येतो. चराऊ व्यवस्थेच्या अभ्यासकाला याचे मोल मोठे आहे, कारण या वाटांच्या दुसऱ्या जुन्या नोंदी फारशा नाहीत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत होणारी फरांडेबाबांची भाकणूकही मी याच दृष्टीने ऐकतो. पावसाचे, पिकाचे, दराचे, रोगराईचे भाकीत, ऐन बाहेर पडायच्या हंगामात, हजारो मेंढपाळ जमलेले असताना. भाकीत खरे ठरते का, हा प्रश्न तिथे फारसा कोणी विचारत नाही. कोण कुठे जाणार, कुठे पाणी नाही, कुठल्या गावात गेल्या साली भांडण झाले, या बातम्यांची देवघेव तिथेच उरकते.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास धनगरांच्या वेगवेगळ्या गटांकडे परिसरशास्त्राच्या नजरेने पाहिले. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर, माळावर मेंढ्या पाळणारे हटकर, मेंढ्यांबरोबर मागही चालवणारे खुटेकर. एकाच मुलखात राहूनही त्यांची साधने वेगळी, म्हणून संघर्ष कमी, असे त्यांचे म्हणणे. निरीक्षण नेमके आहे. मात्र त्यावरून जातिव्यवस्थाच परिसराला अनुरूप होती, इथवर त्यांनी उडी मारली, तेव्हा अनेकांनी हरकत घेतली, आणि माझ्या मते रास्त घेतली. कामाची वाटणी आणि माणसांची उतरंड या दोन गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीचे समर्थन होत नाही. गवळी धनगरांचे पुढचे हालही त्या सिद्धान्तात बसत नाहीत. कोयनेचे पाणी, अभयारण्ये आणि जंगलबंदी यांनी त्यांचे साधन संपवले, आणि आज त्यांच्या अनेक वस्त्यांतली मुले मुंबईत आहेत.

पशुशास्त्राकडे येऊ. इथे अभ्यासाचा जुना नमुना असा, की बाहेरून चांगला नर आणायचा, देशी मादीशी जोड लावायची, वजन किंवा लोकर वाढवायची. दख्खनी मेंढीच्या बाबतीत मेरिनोसारख्या लोकरीच्या जातींचे प्रयोग झाले आणि संकरित मेंढ्या चालण्यात मागे पडल्या. चालणे हा गुण कोणत्याच तक्त्यात नव्हता! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम याच्या तुलनेत वेगळे उठून दिसते. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. ती लहानखुरी, पण तिच्यात एक जनुक आहे ज्यामुळे एका वेताला एकापेक्षा जास्त कोकरे होतात. हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या ‘बुरूला’ मेरिनोत सापडते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर ते तिकडे पोचले, असे मानले जाते. २००१ मध्ये त्या जनुकाची नेमकी ओळख पटली. फलटणमध्ये ते दख्खनी मेंढीत आणले गेले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण घडला.

पण मला यातला विशेष भाग जनुकाचा वाटत नाही, तो त्यापुढच्या प्रश्नाचा वाटतो. जुळी कोकरे मेंढपाळाला हवी आहेत का? संशोधन केंद्राच्या गोठ्यात उत्तर सोपे आहे. वाड्यावर दोन कोकरांना पुरेल इतके दूध आईला हवे, म्हणजे तिच्यासाठी जास्तीचा चारा हवा, आणि चालायच्या दिवसांत दुसरे कोकरू तट्टावर चढवायला जागा हवी. त्या जागेचा हिशेब घरातली बाई ठेवते. नवजात कोकरे, त्यांचे दूध पाजणे, डालग्याखाली झाकणे हे सगळे तिच्याकडे. म्हणून तिळ्यांचा हव्यास न धरता कधी एक, कधी दोन, एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे ठरले, आणि चाचण्या केंद्राबरोबरच मेंढपाळांच्या खांडांतही घेतल्या गेल्या. संशोधकाने आपला निकष मेंढपाळाच्या पायरीवर आणून ठेवला की काय होते, याचा हा धडा आहे. पुण्याच्या ‘अन्थ्रा’ संस्थेतल्या पशुवैद्य स्त्रियांनी दख्खनी मेंढी आणि ती पाळणाऱ्या बायकांचे ज्ञान यांवर केलेले कामही याच जातीचे.

बाजार मात्र कोणाची वाट पाहत नाही. घोंगडीला गिऱ्हाईक राहिले नाही. काळी, भरड लोकर कातरायला जो खर्च येतो तो लोकर विकून निघत नाही. चिंचोक्याची खळ लावून कडक घोंगडी विणणारे सनगर आणि खुटेकर माग सोडून गेले. मग लोकरीची मेंढी कशाला पाळायची? जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी, उंच, बाकदार नाकाची, लवकर वजन धरणारी, दख्खनी खांडांत शिरली. तिच्या चांगल्या नराची किंमत ऐकून शहरातला माणूस चपापतो. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. मांसाचे पैसे येतात आणि घर त्यावर चालते. दख्खनीच्या संगमनेरी, लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी अशा ज्या उपजाती पशुशास्त्राच्या पुस्तकांत आहेत, त्या खांडांत मात्र आता शोधाव्या लागतात.

माळढोकाचे प्रकरण या संग्रहात सर्वांत वादग्रस्त ठरेल. सोलापूर-अहमदनगरच्या पट्ट्यात १९७९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले. पुढे ते आक्रसून सुमारे १,२२२ वर आले. नान्नजच्या परिसरात गवत राखले, चर खणले, काही ठिकाणी झाडेही लावली. माळावरच्या पक्ष्यासाठी झाडे, हे आजही मला नीट समजलेले नाही. माळढोकाला आखूड-मध्यम गवत आणि लांबवर नजर पोचेल असे उघडे रान लागते. चराई पूर्ण थांबवली की गवत दाट आणि उंच होते. चराई अति झाली की त्याच्या अंड्यावर पाय पडतो. मधले प्रमाण कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि ते होईपर्यंत राज्यातला माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही उरला नाही. त्याच्या ऱ्हासाचे खापर मेंढीवर फोडणाऱ्यांनी त्या पट्ट्यात या काळात वाढलेला ऊस आणि विजेच्या तारा यांकडेही पाहावे. लांडग्याचे गणित तर उलटेच आहे. माळावरची नैसर्गिक शिकार घटल्यावर तो मेंढरांच्या मागून चालत टिकला. वाडा गेला तर तोही जाईल.

चराईबंदीबद्दल एक शब्द. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्या यशानंतर चराईबंदी हे गावसुधारणेचे एक सूत्रच होऊन बसले. हिवरे बाजारात ती चालली, कारण गवत कापून न्यायची मुभा होती, पाणी वाढले आणि दुधाचा धंदा उभा राहिला. ज्याच्या दावणीला संकरित गाय आहे त्याला कापलेले गवत पुरते. ज्याची शंभर मेंढरे आहेत आणि जमीन अर्धा एकर आहे, त्याला चराईबंदी म्हणजे गावबंदी. दोन्ही माणसे एकाच ग्रामसभेत बसतात, पण ग्रामसभा भरते त्या दिवशी दुसरा बहुधा परमुलखात असतो.

कायद्याचा इतिहास इथे लांबवत नाही. त्यावर स्वतंत्र लेख आहे. १८७८ च्या वनकायद्यानंतर गुरे डोंगरात नेणे गुन्हा ठरत गेले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने आणि डोंगर सरकारी जंगलखात्याने घशात घातल्याची तक्रार केली, ती वाचताना ती आजची नाही याची स्वतःला आठवण करून द्यावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क शब्दांत मान्य केला. हक्क मागायला मात्र एका गावची समिती लागते, आणि वाडा पन्नास गावांतून जातो. एन. एस. जोधा यांनी १९८० च्या दशकात सात राज्यांतल्या ८० हून अधिक कोरडवाहू गावांत पाहिले, तेव्हा तीस वर्षांत सामाईक जमिनी बहुतेक ठिकाणी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटलेल्या होत्या. पाहणीत महाराष्ट्रातलीही गावे होती. जमीन मुख्यतः वाटपात आणि अतिक्रमणात गेली, आणि वाटपाने ज्यांना जमीन मिळाली त्यांतले अनेक ती कसू शकले नाहीत.

मोजणीच्या बाजूने एक बरी बातमी आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या निघाल्या, पण त्यांतल्या किती चालत्या वाड्यांबरोबर होत्या हे सांगायची सोय त्या गणनेत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत पशुपालक समाजांच्या जनावरांची प्रथमच वेगळी नोंद घ्यायचे ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले, तेव्हा परिसंवाद भरपूर होतील. वेगळ्या नोंदीचे ते आकडे त्यांत कोणी उघडून बसले तर बरे.

उणिवाही सांगायला हव्यात. या संग्रहात वाड्यांवरच्या बायकांचे बोलणे लेखांच्या तळटीपांत आहे, मजकुरात कमी. मुलांच्या शाळेवर एकही लेख नाही, आणि वाडे मोडण्याचे जे कारण मेंढपाळ आज स्वतःहून सांगतात ते बहुधा तेच असते. सर्वांत मोठी उणीव कोकणच्या बाजूची आहे. घाटावरचा माळ, गवत, मेंढी यांवर लिहिणारे पुष्कळ. उतरून गेल्यावर खांड ज्या भातखाचरांत आणि बागांत बसते तिथला शेतकरी काय म्हणतो, यावर जवळजवळ काहीच नाही. खाचरांचे भूखंड झाले, महामार्ग रुंद झाला, घाटातल्या पायवाटेवर फाटक आले. वाडा ज्या शेतात तीस वर्षे बसत होता तिथे यंदा कुंपण दिसले तर तो पुढच्या मुक्कामाला किती किलोमीटर जास्त चालतो, त्या वाढीव चालण्यात किती कोकरे दगावतात, आणि त्या शेताला त्या साली खत कुठून येते? तिन्ही गोष्टी मोजता येण्याजोग्या आहेत. दोन हंगाम एका वाड्याबरोबर घाट उतरायची आणि चढायची तयारी असलेला कोणी तरुण अभ्यासक हे वाचत असेल, तर त्याने किंवा तिने दिवाळीच्या आठवडाभर आधी लोणंदच्या बाजारात जावे. बाहेर पडणारे वाडे तिथे मीठ-मिरची भरायला येतात, आणि कोण कुठल्या घाटाने जाणार हे विचारले तर सांगतात.